काका, त्या पायरीसाठी मनापासून थँक्यू

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता लिहूनच काढते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते अमेरिकेत ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) नाहीतर मोटरहोम घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक मराठी घराला कळायला हवं, त्यातही ज्यांचे आईबाबा उन्हाळ्यात तिकडून येतात त्यांना तर नक्कीच.

इंडियाना ड्यून्स पार्कला आपली ओळख होऊन जेमतेम तासभर झाला असेल. आई ट्रेलरमधून खाली उतरत होती आणि पायरीचा कट्ट असा आवाज आला. आम्ही सगळे गप्पांत होतो, तुम्ही मात्र हातातला चहा खाली ठेवलात आणि आईला म्हणालात, "वहिनी, आता परत वर जाऊ नका, इथेच खुर्चीत बसा जरा." मग मोबाईलचा टॉर्च लावून आधी गुडघ्यावर बसलात, नंतर सरळ त्या खडीवर आडवे झालात आणि मला पण खाली वाकायला लावलंत. पायरीचा बाजूचा पट्टा जिथे दाराखालच्या ब्रॅकेटला वेल्ड केलाय तिथे एक बारीक तपकिरी रेघ होती. तुम्ही पायरी हाताने दाबली की ती रेघ उघडायची आणि हात काढला की मिटायची. काका, ते बघून माझ्या पोटात गोळाच आला.

"हा नुसता गंज नाही, ही चीर आहे, चिरेत पाणी जातंय आणि गंज बाहेर येतोय," तुम्ही म्हणालात. पिंपरीला फॅब्रिकेशन शॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, तुम्हाला वेल्ड बघून कळलं की वरून फुगीर दिसतंय पण आत उतरलेलंच नाही. आणि मग तुम्ही जे समजावलंत ते मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतेय. आमच्या ट्रेलरला दाराखालून बाहेर उघडणाऱ्या दोन पायऱ्या आहेत आणि त्या जमिनीला टेकत नाहीत, लटकतात, म्हणजे माणसाचं सगळं वजन मागच्या ब्रॅकेटवर येतं. त्यात आपण पाय ठेवतो पायरीच्या पुढच्या कडेला, म्हणून तिथे पहारीसारखा जोर लागतो, आणि चढताना लागतो त्यापेक्षा उतरताना जास्त कारण उतरताना अंग पायरीवर आदळतं. आणि उतरतानाच वेल्ड सुटलं तर माणूस तोंडावर पडणार, बरोबर खाली जिथे लोखंडाच्या कडा आहेत तिथे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती दाराचा दांडा घट्ट धरूनच उतरते, पण पायाखालची पायरीच गेली तर दांडा काय करणार.

दुसरा कुणी असता तर "वेल्ड मारून घ्या" म्हणाला असता आणि गेला असता. तुम्ही म्हणालात की नाही, आधी रिकॉल आहे का ते बघू, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावलंय का. ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, बाहेरूनच वाचता येईल असं जे स्टिकर असतं त्यावरचा १७ अक्षरी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) तुम्ही मला वाचायला लावलात, एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या सरकारी वाहनसुरक्षा खात्याच्या) रिकॉल पेजवर टाकायला लावलात, आणि आलं की समोर! पायरीचाच रिकॉल, ओपन, म्हणजे काम झालेलंच नाही. आमचा ट्रेलर सेकंडहँड. कंपनीचं पत्र येतं ते त्यांच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव असेल त्याला, पाकिटावर सेफ्टी रिकॉल असं ठळक छापलेलं असतं, पण ते पाकीट आधीच्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलं असेल तर आपल्या दारात कसं येणार? सेकंडहँड ट्रेलर घेणाऱ्यांनी हे एवढं एक जरी लक्षात ठेवलं ना तरी खूप झालं, पत्राची वाट बघू नका, नंबर टाकून स्वतः बघा.

अजून एक गोष्ट तुम्ही सांगितलीत जी मला तरी कुठेच कळली नसती. पायऱ्या ट्रेलर बनवणारी कंपनी स्वतः बनवतेच असं नाही, सप्लायरकडून येतात, तीच पायरी चार वेगळ्या ब्रँडच्या गाड्यांखाली बसलेली असू शकते. रिकॉल नंबरात आधी वर्षाचे दोन आकडे असतात आणि मग गाडीचा रिकॉल असेल तर व्ही, नुसत्या पार्टचा असेल तर ई. ई-वाला रिकॉल व्हिन टाकून दिसेलच असं नाही. म्हणून तुम्ही पायरीवरचं वेगळं स्टिकर पण पुसून त्याचा फोटो काढून ठेवायला लावलात, पार्ट नंबरसकट.

त्यानंतरचं मात्र खूप मनस्ताप देणारं होतं. आमच्या जवळच्या डीलरने सरळ सांगितलं की ट्रेलर आमच्याकडून घेतलेला नाही, सीझन संपला की बघू. मी रडकुंडीला आले होते, कारण आईला परत जायच्या आधी एकदा तरी मिशिगन राज्यातल्या एखाद्या तळ्यावर न्यायचं होतं. तुम्हाला फोन केला तर तुम्ही अजिबात न चिडता म्हणालात की डीलरशी भांडण्यात वेळ घालवू नको, रिकॉल नंबर हाताशी ठेव आणि थेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लाव. रिकॉलचं काम फुकट करून देणं कायद्याने कंपनीवर बंधनकारक आहे, रिकॉल निघाला तेव्हा गाडी १५ वर्षांच्या आतली असली की झालं, मालक पहिला की तिसरा याचा संबंध नाही. ईमेल कसा लिहायचा ते पण तुम्हीच सांगितलंत, तापट शब्द एकही नाही, फक्त व्हिन, रिकॉल नंबर, चिरेचे फोटो आणि "घरात वयस्कर माणूस आहे, पायरी वापरणं बंद केलंय" हे वाक्य. कंपनीने मोबाईल टेक्निशियन आमच्या ड्राइव्हवेवर पाठवला. त्याने जुनं ब्रॅकेट काढून नवीन, जाड पत्र्याचं बसवलं, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, एक पैसा लागला नाही. आमचा सेकंडहँड ट्रेलर, म्हणून मी धरूनच चालले होते की आपल्याला कोण विचारतंय!

ज्यांनी आधीच पदरचे पैसे घालून पायरी दुरुस्त करून घेतली असेल त्यांनी पावती जपून ठेवा आणि कंपनीकडे परतावा मागा, हे पण काकांचंच सांगणं. आणि रिकॉल नसेल पण पायरी हलत असेल तर एनएचटीएसएला तक्रार नोंदवा, ८८८-३२७-४२३६ वर फोन केला तरी चालतो, कारण अशा तक्रारी साचल्या की चौकशी सुरू होऊ शकते. आमच्याकडून तुम्ही तीही करून घेतलीत, रिकॉल आधीच निघालेला असूनसुद्धा, का तर चीर नेमकी कुठे पडली ते रेकॉर्डवर यावं म्हणून.

आणि काकू! काकूंनी त्याच संध्याकाळी तुमच्या गाडीतला ॲल्युमिनियमचा रुंद स्टूल आणून आमच्या दाराखाली लावला आणि स्वतः दोनदा चढून उतरून बघितला, मगच आईला हात दिला. आई कराडला परत गेलीये पण शेजारणींना अजून तुम्हा दोघांचंच सांगते. माझ्या आईला तुम्ही स्वतःच्या घरातल्यासारखं जपलंत काका, हे मी कसं विसरू.

आता एक हक्काने मागते. आमच्या मंडळातली तीन-चार कुटुंबं येत्या वसंतात ट्रेलर घ्यायच्या बेतात आहेत, सगळी सेकंडहँडच बघतायत. ट्रेलर घेण्याआधी खाली वाकून काय काय बघायचं ते तुम्ही त्यांना आमच्याच ट्रेलरवर दाखवाल का? शनिवारी दुपारी जमेल, जेवण आमच्याकडे. मी त्यांना तुम्ही येणार असं सांगून पण टाकलंय, तेव्हा नाही म्हणू नका.

तुमची,
नेपरव्हिलची लेक