फ्रिजवरचा कागद

पिट्सबर्ग,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे. ‘डोक्यावर एवढे मोठे हेल्मेट असताना भीती कसली?’ असे तू सहज एका ओळीत विचारलेस, आणि मीही सहज दोन ओळींत उत्तर देणार होतो. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की गेले महिनाभर आमच्या घरात ज्या गोष्टीवरून धुसफूस चालू आहे, ती नेमकी हीच आहे.

निखिल आता नववीत जाईल. त्याला शाळेच्या फुटबॉल संघात खेळायचे आहे. इथला फुटबॉल, म्हणजे पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळला जाणारा. पेनसिल्व्हेनियाच्या २०११ च्या कायद्यानुसार खेळणाऱ्या मुलाने आणि त्याच्या पालकाने दरवर्षी कन्कशनविषयीचे, म्हणजे मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याविषयीचे, माहितीपत्रक वाचून त्यावर सही करावी लागते. तो कागद आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे. निखिलची सही केव्हाच झाली आहे, निळ्या शाईत, नावाखाली रेघ ओढून. माझी जागा रिकामी आहे आणि कागद शुक्रवारपर्यंत शाळेत द्यायचा आहे.

आधी तुझ्या हेल्मेटविषयी. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आणि ते काम ते उत्तम करते. पण मेंदू कवटीला चिकटलेला नसतो. तो आत द्रवात तरंगत असतो. धावणारा माणूस एकाएकी थांबला किंवा त्याची मान झटक्याने वळली, तर कवटी थांबते आणि मेंदू पुढे जात राहतो, पिळला जातो, आणि त्यातले बारीक मज्जातंतू ताणले जातात. नारळ फुटला नाही म्हणून आतले पाणी हलले नाही, असे आपण म्हणत नाही. वारंवार असे होत राहिले तर त्या तंतूंच्या आतल्या नळ्यांना आधार देणारे ‘टाऊ’ नावाचे प्रथिन सुटे होते, त्याच्या गुठळ्या बनतात, आणि त्या मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जातात. या विकाराला इथे सगळे सीटीई म्हणतात. विसरभोळेपणा, संताप, खिन्नता, झोप उडणे आणि शेवटी स्मृतिभ्रंश, अशी त्याची वाट असते. पण ती कित्येकदा खेळ सोडल्यावर दहा-पंधरा वर्षांनी सुरू होते. आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच करता येते. जिवंत माणसाला ‘तुला हा आजार आहे’ असे कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

हे सारे मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत १९२८ पासून लिहिले गेले आहे. हॅरिसन मार्टलंड नावाच्या डॉक्टरांनी ठोसे खाऊन भिरभिरल्यासारखे झालेल्या मुष्टियोद्ध्यांचे वर्णन त्याच वर्षी केले होते. फुटबॉलपर्यंत ती गोष्ट पोचायला पाऊणशे वर्षे लागली, आणि ती पोचली आमच्याच गावात.

माइक वेबस्टर हे नाव इथे कोणाही पन्नाशीच्या माणसापुढे उच्चारून पाहा, तो थोडा वेळ गप्प होतो. पिट्सबर्ग स्टीलर्स या आमच्या व्यावसायिक संघाचा हा सेंटर, म्हणजे प्रत्येक डावाला चेंडू मागे देऊन समोरच्या धिप्पाड माणसाच्या अंगावर डोक्याने जाणारा खेळाडू. १९७४ पासून सतरा हंगाम तो खेळला, चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला, आणि लोक त्याला ‘आयर्न माइक’ म्हणत. खेळ सोडल्यावर तो हळूहळू विस्कटत गेला. संसार मोडला, पैसा संपला, कधी ट्रकमध्ये तर कधी रेल्वे स्टेशनवर झोपणे आले. पडणारे दात तो सुपरग्लूने जागेवर चिकटवत असे, आणि वेदनांनी झोप येईना म्हणून विजेच्या झटक्याच्या यंत्राने स्वतःलाच झटके घेऊन बेशुद्ध होत असे. २००२ च्या सप्टेंबरमध्ये, पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

त्याचे शवविच्छेदन इथल्या अ‍ॅलेगनी काउंटीच्या कार्यालयात बेनेट ओमालू नावाच्या नायजेरियात जन्मलेल्या तरुण डॉक्टरने केले. त्याला फुटबॉलचे काडीइतकेही कौतुक नव्हते, आणि मला वाटते तेच बरे झाले. मेंदू वरून अगदी निरोगी दिसत होता. दुसऱ्या कोणी तो परत ठेवून दिला असता. याने तो राखून ठेवला, स्वतःच्या खिशातून खर्च करून त्याचे काप तपासून घेतले, आणि त्यात टाऊच्या त्या तपकिरी गुठळ्या सापडल्या. २००५ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे एका शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

यापुढचा भाग वाचताना मला खरा राग आला. एनएफएल या इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने १९९४ मध्येच मेंदूच्या ‘सौम्य’ इजांवर एक समिती नेमली होती आणि तिचे अध्यक्ष होते एक संधिवाततज्ज्ञ. हा विनोद नव्हे. या समितीने पुढे निबंधामागून निबंध छापले. त्यातल्या एकात, २००५ मध्ये, हादरा बसलेल्या बऱ्याच खेळाडूंना त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवणे सुरक्षित असल्याचे सुचवले होते. समितीच्या सदस्यांनी ओमालूंचा निबंध मागे घ्यावा अशी जाहीर मागणी केली. आणि हे सगळे चालू असताना, लीग आणि खेळाडू संघटना यांच्याच निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ मध्ये, वेबस्टर जिवंत असतानाच, त्याचे अपंगत्व फुटबॉलमध्ये डोक्याला झालेल्या इजांमुळे आले आहे असे मान्य केलेले होते. एका टेबलावर कबुली आणि दुसऱ्या टेबलावर इन्कार. वेबस्टरच्या कुटुंबाला पूर्ण लाभ मिळायला न्यायालयात जावे लागले आणि अपिलाचा निकाल २००६ च्या अखेरीस लागला, म्हणजे तो जाऊन चार वर्षे झाल्यावर.

२०११ च्या फेब्रुवारीत डेव्ह डुअरसन या माजी खेळाडूने आत्महत्या केली. गोळी त्याने छातीत झाडली, डोक्यात नव्हे, आणि आपला मेंदू तपासणीसाठी द्यावा अशी चिठ्ठी मागे ठेवली. पुढच्याच वर्षी ज्युनिअर सेआउ या दुसऱ्या माजी खेळाडूनेही छातीतच गोळी झाडून घेतली. दोघांच्याही मेंदूत सीटीई आढळला. त्या चिठ्ठीचा विचार मनात आला की मी अजूनही हातातले काम थांबवतो.

बोस्टन विद्यापीठात डॉ. अ‍ॅन मकी यांच्याकडे असे मेंदू जमा होतात. २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केले की व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई सापडला. हा आकडा तुला कोणी दाखवला तर घाबरून जाऊ नकोस, कारण ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती तेच बहुधा मेंदू दान करतात. सर्व खेळाडूंपैकी किती जणांना हा आजार आहे, हे त्यावरून कळत नाही, आणि मकी यांनीही ते स्पष्ट सांगितले आहे. मला अधिक बोचणारा निष्कर्ष त्यांच्याच गटाचा, पण २०२३ चा आहे. ६३१ खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की किती वेळा कन्कशन झाले यावरून सीटीईचा अंदाज बांधता येत नाही. आयुष्यभरात डोक्यावर एकूण किती धक्के आणि किती जोराचे बसले, यावरून तो बांधता येतो. म्हणजे टीव्हीवर ज्याला स्ट्रेचरवर नेताना आपण पाहतो, तो प्रसंग मुख्य नव्हेच. मुख्य आहेत ते मंगळवारच्या सरावातले धक्के, ज्यांनंतर मुलगा उठतो, माती झटकतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. आमच्या फ्रिजवरचा कागद मात्र फक्त कन्कशनविषयी आहे.

खटल्याचे थोडक्यात सांगतो. साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडूंनी लीगवर दावे लावले, २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड ठरली, ती रक्कम पुरणार नाही असे वाटून न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी ती अडवली, आणि मर्यादा काढून टाकल्यावर २०१५ मध्ये मंजुरी दिली. इथवर ठीक. पण भरपाई ठरवताना खेळाडूची बुद्धी किती घटली हे मोजायचे, आणि ते मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूची मूळ बुद्धीच कमी होती असे गृहीत धरणारे कोष्टक वापरले जात होते. मूळ पातळीच खाली धरली की घट कमी दिसते, आणि घट कमी दिसली की पैसे मिळत नाहीत. या लीगचे बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये दावा लावला तेव्हा कुठे पुढच्या वर्षी हे बंद करण्याचे लीगने कबूल केले. आपल्या देशात वाढलेल्या माणसाला यावर आणखी काही समजावून सांगायला नको.

गेल्या आठवड्यात मी निखिलला घेऊन लॅट्रोबला गेलो होतो. तिथल्या सेंट व्हिन्सेंट कॉलेजात स्टीलर्सचे उन्हाळी सरावशिबिर भरते. कदाचित मी स्वतःलाच काही तरी दाखवायला गेलो होतो. टेकडीच्या उतारावर लोक चादरी अंथरून बसले होते, लहान पोरे सह्या घ्यायला कुंपणाशी लोंबकळत होती, आणि बऱ्याच खेळाडूंच्या हेल्मेटवर फुगीर मऊ आवरण होते, अळंबीच्या छत्रीसारखे. सरावात ते वापरण्याची सक्ती लीगने २०२२ पासून काही जागांवर खेळणाऱ्यांना केली आणि पुढे ती वाढवत नेली. निखिल हसून म्हणाला, ‘किती विचित्र दिसतात.’ मी आवाज ऐकत होतो. टीव्हीवर हा आवाज येत नाही. शिट्टी वाजते, दोन रांगा एकमेकींवर आदळतात, आणि कोणी तरी ओली गादी काठीने झोडपावी तसा जाड, एकत्र आवाज येतो. मग शिट्टी, मग तोच आवाज. मी मोजायला लागलो आणि चाळिशीपाशी सोडून दिले.

न्याय्य बोलायचे तर गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहे. २०२२ मध्ये मायामीच्या तुआ टागोव्हायलोआचा एका सामन्यात आपटल्यावर उठताना तोल गेला, तरी त्याला पुन्हा खेळवले गेले. चारच दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा आपटला आणि मैदानावर पडल्या पडल्या त्याची बोटे वेडीवाकडी ताठरलेली साऱ्या देशाने पाहिली. त्यानंतर दहा दिवसांच्या आतच नियम बदलला: ज्याचा तोल जातो त्याने त्या दिवशी पुन्हा उतरायचे नाही. २०२४ मध्ये त्याला पुन्हा कन्कशन झाले आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा मैदानात परतला. दुसऱ्या बाजूला सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिस बोरलँड आहे, ज्याने २०१५ मध्ये एक उत्तम हंगाम खेळून, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हीच भीती सांगून खेळ सोडला. निखिलला मी बोरलँडचे सांगितले. तो म्हणाला, ‘म्हणजे त्याला एक वर्ष तरी मिळालं ना, बाबा.’

शाळेत चार वर्षे खेळणाऱ्या बहुतेक मुलांचे पुढे चांगले चालते, हेही मला ठाऊक आहे, आणि तो हे मला रोज ऐकवतो. त्याच्या मित्रांचे वडील डॉक्टर आहेत, वकील आहेत, तेही खेळले आहेत आणि त्यांची डोकी माझ्यापेक्षा बरी चालतात. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. आहे ते एवढेच की चौदा वर्षांच्या मुलाच्या वतीने मी चाळीस वर्षांनंतरच्या माणसाची सही करू शकत नाही. मी त्याला काल नाही म्हणून सांगितले. टॅकल, म्हणजे अंगावर जाऊन पाडणे, नसलेला फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या ऑलिम्पिकमध्येही येतो आहे, तो खेळ, असेही म्हणालो, पण ते त्याला सांत्वनाचे वाटले असणार, आणि होतेही तसेच.

तेव्हा त्याने विचारले, ‘तुम्ही आणि विजयकाका तर कबड्डी खेळत होता. तुमच्या डोक्याला कधी लागलं नाही?’

मी त्याला अजून खरे सांगितलेले नाही. दहावीच्या वर्षी मंडळाच्या मैदानावर पकड करताना त्या गड्याचा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला होता. तू उठलास आणि मला गुण किती झाले ते विचारलेस; मी सांगितले, आणि थोड्या वेळाने तू पुन्हा तेच विचारलेस, आणि मग पुन्हा. ‘काही झालेलं नाही, ऊठ, तीनच मिनिटं उरलीत,’ असे म्हणून तुला परत उभा करणारा मीच होतो. आपण जिंकलो. तुला सायकलवर डबलसीट घेऊन मी आयर्विन पुलावरून येत होतो, तेव्हा तू उतरून कठड्याशी ओकलास, आणि आपण तुझ्या आईला उन्हाचे कारण सांगितले. दुसऱ्या दिवशी आपण कसे जिंकलो ते तूच मला विचारत होतास.

आता तू स्वतः मुलांना शिकवतोस. तो सामना तुला पुढे कधी आठवला का, आणि अशा वेळी तू तुझ्या पोरांना काय सांगतोस, ते मला लिही. निखिलला तुझ्याच शब्दांत वाचून दाखवीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल