एफपीजीए बोर्डांना पाळी लावा, कुलूप नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-सातारा जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांत खरेदीच्या याद्या निघाल्या, की इलेक्ट्रॉनिक्स विभागाची एक मागणी ठरलेली असते: एफपीजीए बोर्ड (आतली जोडणी पुन्हा पुन्हा बदलता येणाऱ्या चिपेचे सरावाचे बोर्ड) अपुरे आहेत, आणखी द्या. मागणी खोटी नाही. पण नवे बोर्ड मागण्याआधी, असलेले बोर्ड आठवड्यातून किती तास चालतात हे एकदा मोजावे, अशी आमची विनंती आहे.

हिशेब सोपा आहे. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, वीस-वीसच्या तीन बॅच, प्रत्येक बॅचला आठवड्यातून दोन तासांचे एक प्रॅक्टिकल. म्हणजे बोर्ड कपाटाबाहेर सहा तास. आठवड्याचे तास १६८. त्या सहा तासांतही बराच वेळ कोड लिहिण्यात, अर्धविराम शोधण्यात आणि सिंथेसिस (कोडवरून चिपेच्या जोडणीची फाइल तयार करण्याचे संगणकाचे काम) संपण्याची वाट पाहण्यात जातो. बोर्डाची खरी गरज लागते ती शेवटी, फाइल चढवून दिवे बघायला. चार जणांच्या गटात एकाच्या हातात माउस असतो, बाकीचे तिघे मागून बघतात आणि जर्नलमध्ये तेच निरीक्षण उतरवतात. दोन तास संपले, की बोर्ड मोजून कपाटात, कपाटाला कुलूप. कुलूप लावणाऱ्याला दोष देता येत नाही. डेडस्टॉक रजिस्टरात नोंदलेली वस्तू आहे, तिचा एक स्विच मोडला तरी जाब लॅब असिस्टंटलाच द्यावा लागतो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या चिपमधली जोडणी कारखान्यातच कायमची होते. एफपीजीएमधली जोडणी आपण नंतर, हवी तितक्यांदा बदलू शकतो. सकाळी तीच चिप काउंटर (मोजणी करणारे सर्किट) असते, दुपारी ट्रॅफिक सिग्नलचा कंट्रोलर होते. झायलिंक्सने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या एक्ससी२०६४ या एफपीजीएत ६४ लॉजिक ब्लॉक होते. आज विद्यार्थ्यांच्या बेसिस-३ बोर्डावरच्या आर्टिक्स-७ चिपमध्ये २०,८०० लूकअप टेबल (लॉजिकचे छोटे घटक) आहेत. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा चार बिटांचा काउंटर त्यातली जेमतेम मूठभर वापरतो.

या बोर्डाची पूर्ण कॉन्फिगरेशन फाइल सुमारे २.२ मेगाबाइटची असते आणि यूएसबीवरून ती काही सेकंदांत चढते. आमचे सगळे म्हणणे याच गोष्टीवर उभे आहे. सिंथेसिसला मिनिटे लागतात, पण ते कुठल्याही संगणकावर होते. बोर्ड लागतो तो त्यानंतर पाच मिनिटे. ही दोन कामे वेगळी केली, की चार बोर्डांवर साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच मिनिटे द्यायला एकूण सव्वा तास पुरतो, आणि तोही प्रत्येकाला एकट्याने, स्वतःच्या कोडसह. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पाण्यावर शेती करणाऱ्या भागाला हे समजावून सांगायची गरज नाही. पाणी तेवढेच असते, आवर्तन नीट लावले तर शेवटच्या शेतापर्यंत पोचते.

यासाठीची व्यवस्था म्हणजे दूरस्थ प्रयोगशाळा: बोर्ड महाविद्यालयात एका फळीवर कायम चालू आणि विद्यार्थी घरून किंवा वसतिगृहातून त्यावर काम करतो. जगात हे जुने झाले. अमेरिकेतील एमआयटीची आयलॅब, स्पेनच्या डेउस्तो विद्यापीठाची वेबलॅब, स्वीडनमधून आलेली व्हिझिर, आणि आपल्याच राज्यात आयआयटी मुंबईची इंटरनेटवरून चालवता येणारी सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्स उपयुक्त आहेत, पण त्यातले बहुतेक प्रयोग सिम्युलेशनचे आहेत, आणि सिम्युलेशन व खरा बोर्ड यांत अंतर असते. १०० मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकवरून (चिपेला ठोके देणाऱ्या सिग्नलवरून) सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा करायचा, तर पाच कोटींपर्यंत मोजणारा २६ बिटांचा काउंटर लागतो. २५ बिट घेतले तर मोजणी ३,३५,५४,४३१ च्या पुढे जातच नाही आणि दिवा कधीच बदलत नाही. सिम्युलेटरवर तो एक सेकंद पाहायला दहा कोटी क्लॉक चालवावे लागतात. कोणी ते चालवत नाही, म्हणून ही चूक सापडत नाही. बोर्डावर ती एका सेकंदात दिसते.

आता प्रत्यक्ष मांडणी. चार बेसिस-३ बोर्ड, एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक), स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब, एक-दोन वेबकॅम आणि एमसीपी२३०१७ या आठ चिपा. या चिपेला इनपुट-आउटपुटच्या १६ पिना असतात आणि आय-टू-सी या दोन तारांच्या एका जोडीवर हेक्स २० ते २७ अशा पत्त्यांनी आठच चिपा बसतात. प्रत्येक बोर्डाला दोन दिल्या की हिशेब बरोबर जुळतो. पहिली चिप आठ स्विच आणि चार बटणांचे काम करते, दुसरी आठ एलईडींची स्थिती वाचते. बोर्डावरचे खरे स्विच दुरून हलवता येत नाहीत, म्हणून स्विचच्या तारा पीमॉड जेए, बटणांच्या जेबी आणि एलईडींची प्रत जेसी या कनेक्टरवर घ्यावी. कन्स्ट्रेंट फाइल (कोणता सिग्नल कोणत्या पिनेवर ते सांगणारी) आणि विद्यार्थ्याच्या कोडभोवतीचे टॉप मॉड्यूल सर्व्हरने स्वतःकडे ठेवावे. विद्यार्थ्याने फक्त आपला व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल भाषेतला कोड पाठवायचा. सर्व्हर आणि असलेले बोर्ड वगळले तर ही सगळी जोडणी बहुधा एका नव्या बोर्डाच्या किमतीत बसते.

इथे चार ठिकाणी घात होतो. एमसीपी चिपेला ३.३ व्होल्टच द्यावेत. बाजारातली तयार मॉड्यूल अनेकदा ५ व्होल्टवर जोडली जातात आणि आर्टिक्स-७ च्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत. प्रत्येक तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. विद्यार्थ्याच्या किंवा आपल्या चुकीने इनपुटची पिन आउटपुट झाली आणि दोन्ही बाजू एकमेकींवर भिडल्या, तरी प्रवाह ३.३ मिलीअँपिअरच्या वर जात नाही, पिन वाचते. वीज आल्यावर एमसीपीच्या सगळ्या पिना आधी इनपुट असतात, त्यामुळे एफपीजीएच्या बाजूला १० किलोओहमचे पुल-डाउन (पिन शून्यावर धरून ठेवणारे रेझिस्टर) नसतील तर स्विच अधांतरी राहतात आणि दिवे आपोआप नाचतात. चौथी गोष्ट डेटाशीटमध्ये आहे, पण नजरेतून सुटते: जीपीए-७ आणि जीपीबी-७ या दोन पिना इनपुट म्हणून वापरू नयेत. एलईडी वाचायला दोन्ही पोर्टांच्या पहिल्या चार-चार पिना घ्याव्यात.

कॅमेऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तक्रारी तिथूनच जास्त येतात. बोर्डावरचा चार अंकी डिस्प्ले एका वेळी एकच अंक पेटवतो. तो इतक्या वेगाने फिरतो, की डोळ्याला चारही दिसतात. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर या फेरीपेक्षा लहान असेल तर चित्रात दोनच अंक येतात आणि विद्यार्थी तासभर बिनचूक कोडमध्ये चूक शोधत बसतो. ऑटो एक्स्पोजर बंद करून ते १/५० सेकंदावर पक्के करावे. त्याने खोलीतल्या ट्यूबलाइटचे पट्टेही जातात, कारण ५० हर्ट्‌झच्या विजेवर प्रकाश सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. एलईडीवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवला की पांढरा फटक दिसणारा ठिपका स्वच्छ लाल किंवा हिरवा दिसू लागतो. आणि दिव्यांची स्थिती मजकूर म्हणूनही पाठवावी. २० किलोबाइटची एक फ्रेम, सेकंदाला दहा, म्हणजे १.६ मेगाबिटचा अखंड प्रवाह. जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या वाडीवर तो दर वेळी मिळेलच असे नाही. आठ दिव्यांची स्थिती आठ बिटांत मावते.

दूरस्थ मांडणीत एक गोष्ट शिकवायची राहून जाते, तिची सोय मुद्दाम करावी लागते. खरे बटण दाबले की संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो आणि काउंटर एकाऐवजी चार-पाच पुढे जातो. डीबाउन्सिंग (ही थरथर गाळणे) का लागते ते विद्यार्थ्याला तिथे कळते. चिपेतून येणारा सिग्नल मात्र स्वच्छ असतो. म्हणून चारपैकी एका बटणाच्या तारेवर यूएलएन२००३ या चालक चिपेमार्फत चालणारा छोटा यांत्रिक रिले बसवावा. त्याचे संपर्क खरेखुरे थरथरतात.

पाळीचे नियम आधीच लिहून लावावेत. एका विद्यार्थ्याची रांगेत एकच जागा, पाच मिनिटे, एक मिनिट हालचाल नसेल तर बोर्ड पुढच्याला. सबमिशनच्या आदल्या रात्री पाचाची तीन मिनिटे करावीत. दोन पाळ्यांच्या मध्ये कोरी फाइल चढवणे सक्तीचे असावे. हे विसरले, की पुढच्याची फाइल न चढताही आधीच्याचे दिवे चालू दिसतात आणि त्याला वाटते आपले जमले. तीच कोरी रचना बोर्डाच्या फ्लॅशमध्येही ठेवावी. एफपीजीएची स्मृती वीज गेली की पुसली जाते, आणि वीज आल्यावर बोर्ड शांत स्थितीत उठला पाहिजे.

वीज जाणे आपल्याकडे गृहीत धरावेच लागते. रास्पबेरी पाय, हब, कॅमेरा आणि चार बोर्ड मिळून २५ ते ३० वॅट लागतात. एक साधा यूपीएस तासभर निभावून नेतो, मात्र राउटरही त्याच यूपीएसवर हवा, आणि नेमका तोच बहुतेकदा राहून जातो. वीज परतल्यावर लिनक्समध्ये बोर्डांचे क्रमांक बदलतात, पहिल्याची फाइल तिसऱ्यावर चढते. प्रत्येक बोर्डाच्या एफटीडीआय या यूएसबी चिपेच्या अनुक्रमांकावरून युडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना ठरलेली नावे देणारा) नियम लिहिला की हा घोळ मिटतो.

सुरक्षेचेही भान हवे. विद्यार्थ्याकडून तयार बिटस्ट्रीम (कॉन्फिगरेशन फाइल) घेऊ नये, सोर्स म्हणजे मूळ कोडच घ्यावा. तयार फाइलमधून हजारो रिंग ऑसिलेटर (सतत शून्य-एक होत राहणारी सर्किटे) चढवून चिप तापवता येते. सोर्स घेतला की विवाडो हे सिंथेसिसचे सॉफ्टवेअर अशी कॉम्बिनेशनल लूप (आउटपुट थेट इनपुटला परत जोडलेले सर्किट) एलयूटीएलपी-१ या त्रुटीने अडवते. ती त्रुटी दुर्लक्षित करण्याची आज्ञा इंटरनेटवर सहज सापडते, म्हणून सर्व्हरवरची स्क्रिप्ट विद्यार्थ्याला बदलता येता कामा नये. चिपेचे तापमान तिच्यातल्याच एक्सएडीसी या मोजमापाच्या भागाने वाचता येते. मर्यादा ८५ अंशांची आहे, आपण ७० ला पाळी तोडावी. विवाडोचा हार्डवेअर सर्व्हर ३१२१ या पोर्टवर चालतो आणि त्याला पासवर्ड नसतो. हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा रात्रभर सताड सोडणे. व्हीपीएन लावावे.

सिंथेसिसच्या सर्व्हरला एका कामामागे ४ जीबी रॅम धरावी. १६ जीबीच्या यंत्रावर तीनच कामे एका वेळी सोडावीत, बाकीची रांगेत. सगळी एकदम सोडली तर यंत्र डिस्कवर घासत बसते आणि कोणाचेच काम पुरे होत नाही.

एकाच चिपेचे भाग पाडून तीन-चार विद्यार्थ्यांना एकाच वेळी द्यावेत, असा विचार संशोधनाच्या अंगाने मांडला जातो. त्याला अंशतः पुनर्रचना म्हणतात. विषय सुंदर आहे, पण आमच्या मते पदवीच्या प्रॅक्टिकलसाठी तो घेऊ नये. प्रत्येक भागाच्या सीमा आधी आखाव्या लागतात, एका भागासाठी बनवलेली फाइल दुसऱ्यावर तशीच चालत नाही, एक भाग बदलत असताना त्याचे आउटपुट शेजाऱ्यापासून तोडून ठेवावे लागतात आणि बदल झाल्यावर त्याला रीसेट द्यावा लागतो. पूर्ण चिप काही सेकंदांत बदलता येत असताना एवढा व्याप कशाला? अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला मात्र तो उत्तम आहे.

एकेकट्या महाविद्यालयाने हे करण्यापेक्षा दोन-तीन संस्थांनी मिळून करावे. सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद महाविद्यालय आहे, कराडला १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचे. एक फळी सांगलीत आणि एक साताऱ्यात असावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कृष्णाकाठाचे काय झाले ते सर्वांना आठवते. सगळे बोर्ड एकाच गावात असतील तर ऐन पावसाळी सत्रात सगळेच बंद पडतील. फळीची देखभाल, म्हणजे तारा तपासणे, लॉग पाहणे, अडकलेला बोर्ड मोकळा करणे, ही दिवसाला अर्ध्या तासाची कामे ‘कमवा आणि शिका’ योजनेतील विद्यार्थ्यांना द्यावीत. ती केल्याने जे शिकायला मिळेल ते कुठल्याही जर्नलमध्ये नसते.

पैशांची मागणी नंतर करू. आधी एक कागद लागेल. डेडस्टॉक रजिस्टरात बोर्डाच्या जागेच्या रकान्यात कपाटाचा क्रमांक लिहिलेला असतो. तिथे ‘दूरस्थ मांडणी, चोवीस तास चालू’ अशी नोंद करायला प्राचार्यांनी लेखी मान्यता द्यावी, आणि वापरात बिघडलेल्या बोर्डाची वसुली लॅब असिस्टंटकडून होणार नाही, हेही त्याच कागदावर लिहावे.

आपले,
डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे काही शिक्षक व प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली