पाटणच्या मामांना, एका जेटबद्दल

मामा,

नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं मामा. पाटणच्या अलीकडे, चिपळूण रस्त्यावर, चिंचेखाली तुमचं दुकान. मंगळवारी तिथं जुनी स्प्लेंडर ढकलत आलेला घामाघूम माणूस, तो मी.

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी आठ महिने उभी होती, टाकीत पेट्रोल तसंच. चोक ओढला की चालू, ढकलला की बंद. रेस धरून ठेवली तर पळायची, सोडली की मेली. हे मी घराजवळच्या गॅरेजात तीनदा सांगितलं. ऐकणाऱ्याचे डोळे मोबाइलमध्ये. प्लग बदलला, कॉइल बदलली, साडेअठराशे घेतले आणि वर ‘काबरेटरच नवा टाका’ म्हणून मोकळे! म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा अख्खा भागच.

तुम्ही एवढंच ऐकून म्हणालात, “मग स्लो जेट बुजलंय, पावणं.” म्हणजे रेस सोडल्यावर इंजिनाला पेट्रोल पुरवणारी, बारीक भोकाची नळी. काबरेटरची वाटी उघडली तर तळाला मधासारखा पिवळा चिकटा, वास वॉर्निशचा. मी उत्साहानं तार पुढं केली, तर तुम्ही माझा हात बाजूला केलात. तारेनं भोक मोठं झालं की गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिणार. मग टूथब्रशचा एक केस उपटलात. त्या ब्रशचे निम्मे केस असेच संपलेले दिसले.

फुंकर मारून जेट उन्हाकडं धरलंत आणि चिमट्यासकट माझ्या हातात दिलंत. “बघा, उजेड दिसतोय का?”

दिसला, मामा. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोक, त्यात उन्हाचा टिपका. तुम्हाला तो आधीच दिसला होता, मला दाखवायची काही गरज नव्हती. दोन महिने मला कुणी काही दाखवलं नव्हतं, नुसती बिलं दिली होती. तिथं रस्त्यावर माझा गळा का दाटून आला, ते तुम्हाला कळलं नसेल. घेतलेत दीडशे, तेही चहा मलाच पाजून.

२०२० पासून नव्या गाड्यांना इंजेक्टर आले, काबरेटर उघडणारी पोरं आता फार राहिली नाहीत. आमची मात्र तीच राहणार.

वडिलांनी खुर्चीतूनच विचारलं, “चोक न देता?” म्हटलं, अर्ध्या किकेत. त्यांनी तुमच्यासाठी दोन जुने टूथब्रश बाजूला काढून ठेवलेत. पुढच्या महिन्यात घेऊन येतो.