गोव्यातल्या पेडण्याच्या घराची बिलं

दुबई

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

तू पाठवलेले बिलांचे फोटो मोठे करकरून वाचले. पेडण्यात आई-बाबा दोघंच, आणि फोन, नेट, टीव्ही मिळून खर्च मात्र भरल्या घराचा. रविवारी बांद्याहून जाशील तेव्हा तूच बोल. मी बोलले की बाबांना वाटतं, लेक दुबईत बसून काटकसर शिकवतेय.

आधी बाबांचं दुसरं सिम. ‘महाराष्ट्रात गेल्यावर लागतं’ म्हणून त्याला रिचार्ज चालूच! अरे, मोबाइलच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो. पत्रादेवीची हद्द ओलांडली म्हणून काही बदलत नाही, आणि सध्याच्या पॅकमध्ये देशभर रोमिंगचे वेगळे पैसेही पडत नाहीत. मात्र ते बंद करण्याआधी बँक, आधार, गॅस, सगळीकडे पहिला नंबर लावून घे. सोडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते. पेन्शनच्या खात्याचा ओटीपी परक्याच्या फोनवर जायला नको.

आईचा फोन बटणांचा, तरी पॅक रोजच्या डेटाचा. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलले, आणि नुसतं बोलणं व एसएमएस असलेला पॅक कंपन्यांना ठेवावाच लागतो. मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. रिचार्जवाला आपणहून सांगणार नाही, विचारून घे. लांब मुदतीचा केलास तर ऐन चवथीच्या गडबडीत तिचा फोन बंद पडायचा नाही.

खरी गळती टीव्हीत आहे. आतल्या खोलीतला बॉक्स कोण बघतं? तो काढून टाक. बाहेरच्या टीव्हीला एकाच चॅनेलचे साधे आणि एचडी असे दोन्ही लावलेत, वर खेळांचा अख्खा पॅक. 2019 पासून चॅनेल एकेक निवडून घेता येतात, पॅकची सक्ती नाही. मराठी बातम्यांचे बरेच चॅनेल फुकट आहेत, म्हणजे बाबांचं भागलं. राहिल्या आईच्या मालिका. त्यांचे तेवढे पैसे भर आणि त्यावर घासाघीस करू नकोस. शेजारी कुणी डीडी फ्री डिश सुचवेल. डिश-बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं काही नाही, सह्याद्रीही दिसते. पण आईच्या रात्रीच्या मालिकांचे चॅनेल त्यावर नाहीत, त्यामुळे तो विषय काढूच नकोस. (आषाढातला पाऊस कोसळला की चित्र जायचं ते कुठल्याही डिशवर जाणारच.)

नेटचा प्लॅन खालचा चालेल. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएसचा वेग पुरतो, आणि ज्या सिनेमा-मालिकांच्या ॲपचे पैसे आपण भरतोय ती त्या घरात कुणी उघडतही नाही. कंपनी बदलायची वेळ आलीच तर जुना राउटर परत दिल्याची पावती मागून घे, नाहीतर अनामत रक्कम विसरायची.

इथे व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, पण कॉल चालत नाही, म्हणून बाबा सरळ आयएसडी लावतात. तेवढं थांबव. त्यांच्या फोनवर टीम्स हे कॉलचं ॲप घालून दे आणि रिंग वाजली की कुठलं बटण दाबायचं ते दोनदा करवून घे. शुक्रवारी-शनिवारी मीच लावेन. मालिकेच्या वेळेत लावणार नाही, असं आईला सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी