आरोग्यमंत्री साहेब, वॉर्डात स्पीकर नको, संगीतोपचार करणारा माणूस द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझ्या दादाला दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागला, पण ते सगळं एकवेळ सोसलं असतं, बोलणं गेलं ते मात्र नाही सोसवलं. आपण बोललेलं त्याला सगळं कळायचं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, 'तेच'. पाणी हवं तरी तेच, लाईट बंद कर तरी तेच, आणि आम्हाला कळलं नाही तर डाव्या हाताची मूठ गादीवर आपटायचा. डॉक्टर म्हणाले याला वाचाघात म्हणतात, वेळ लागेल.

आणि मग एका रात्री शेजारच्या पेशंटच्या मोबाईलवर एक जुनं गाणं लागलं आणि दादाने अख्खा अंतरा म्हटला. शब्दांसकट, साहेब! मी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते, दचकून उठले, मला वाटलं दुसरंच कोणीतरी गातंय. गाणं संपलं, मी म्हणलं दादा परत बोल ना काहीतरी, तर पुन्हा 'तेच'.

तेव्हा मला हा चमत्कार वाटला होता. नंतर कळलं की डॉक्टर मंडळींना हे कित्येक वर्षांपासून माहीत आहे. बहुतेक माणसांचं बोलण्याचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं, ब्रोका नावाचा एक भाग आहे त्याच्या आसपास, आणि गाण्यात, सूर ओळखण्यात उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो, त्यामुळे डावी बाजू जखमी झाली तरी पाठ असलेलं गाणं दुसऱ्या वाटेने बाहेर येऊ शकतं. याच गोष्टीवरून 1973 साली बॉस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघा संशोधकांनी एक उपचारपद्धत मांडली, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी, म्हणजे सुरात म्हणत म्हणत बोलायला शिकवणं. अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना 2011 मध्ये डोक्यात गोळी लागली, त्यांची वाचा परत आणण्यातही स्पीच थेरपीच्या जोडीला संगीतोपचार होता.

आमच्या नशिबाने आम्हाला हे येणाऱ्या एक स्पीच थेरपिस्ट मॅडम भेटल्या, त्याही ओळखीतून, आणि खूप उशिरा. त्या काय करायच्या ते सांगते, कारण हे वाचून कोणाला वाटेल की गाणी लावून बसायचं. तसं अजिबात नाही. दादाच्या समोर बसायच्या, त्याचा डावा हात हातात घ्यायच्या आणि टेबलावर ठोका द्यायच्या, एका अक्षराला एक ठोका. पा, णी, ह, वं. सूर फक्त दोन, एक वरचा एक खालचा, बोलताना जिथे जोर येतो तिथे वरचा. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग मॅडम मधेच गप्प व्हायच्या आणि दादाने एकट्याने पुरं करायचं. शेवटी सूर हळूहळू काढून टाकायचा म्हणजे साधं बोलणं उरतं. हे रोज, एकेका वाक्यावर कित्येक दिवस. चौथ्या आठवड्यात दादा मांडीवर ठोके देत मला 'पाणी हवं' म्हणाला आणि मी पाणी आणायच्या ऐवजी तिथेच रडत बसले.

काही संशोधक म्हणतात की यात सुरापेक्षा तालाचं काम जास्त आहे, तो वाद अजून चालू आहे, आणि ही पद्धत सगळ्यांना लागू पडते असंही नाही. ज्याला दुसऱ्याचं बोलणं बऱ्यापैकी कळतं पण स्वतःला बोलता येत नाही त्याला जास्त उपयोग होतो. पण म्हणूनच तर कोणाला द्यायची कोणाला नाही हे ठरवायला शिकलेला माणूस लागतो ना!

तालाचं निघालंच आहे तर पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, पेशंटबद्दल पण सांगते. त्यांचं पाऊल मधेच अडकतं, कारण चालीचा ठेका सांभाळणारा मेंदूच्या आतला भाग थकलेला असतो. बाहेरून ठराविक ठेका ऐकवला की कान आणि हालचाल यांचा मेंदूत थेट संबंध असल्यामुळे पाय त्या ठेक्याला धरून पडायला लागतात. मायकेल थाउट नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की घरच्या घरी तीन आठवडे असा सराव केला तरी चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी वाढते. त्यासाठी कुठलं महागडं मशीन लागत नाही.

फिनलंडमध्ये 2008 साली स्ट्रोकच्या 60 पेशंटवर अभ्यास झाला, काहींना रोज आवडीची गाणी, काहींना ऑडिओबुक, काहींना दोन्ही नाही. दोन महिन्यांनी गाणी ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारली होती, उदासपणाही कमी होता. यातला 'आवडीची' हा शब्द कृपा करून लक्षात ठेवा. 2011 मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी स्कॅन करून दाखवलं की गाण्यातली आवडती जागा यायच्या आधीच, नुसती वाट बघतानाच मेंदूत डोपामिन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं रसायन, सुटायला लागतं आणि ती जागा आली की दुसऱ्या भागात सुटतं. म्हणजे जे गाणं त्या माणसाच्या ओळखीचं आहे, पुढे काय येणार हे त्याला आतून माहीत आहे, तेच गाणं काम करतं.

आता माझं खरं गाऱ्हाणं. दादा ज्या हॉस्पिटलमध्ये होता तिथे संगीतोपचार चालू आहे असा बोर्ड होता. उपचार काय, तर भिंतीवर स्पीकर, सकाळ संध्याकाळ एकच बासरीची रेकॉर्ड सगळ्या वॉर्डाला. समोरच्या खाटेवर डोक्याला मार लागलेला एक मुलगा होता, रेकॉर्ड लागली की तो कानावर हात घेऊन कण्हायचा, त्याला कुठलाच आवाज सहन होत नव्हता. बंद करायला कोणाला सांगायचं तेच माहीत नव्हतं कारण स्पीकरचं बटण ऑफिसमध्ये. साहेब, अगदी थोड्या लोकांना का होईना संगीताने फिटसुद्धा येते, तसा एपिलेप्सीचा प्रकारच आहे. जी गोष्ट मेंदूवर एवढा परिणाम करते ती औषधासारखी माणूस बघून द्यायला नको का?

अकरा हॉस्पिटलांमधल्या 272 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर 2013 साली एक अभ्यास छापून आला. त्यात थेरपिस्ट बाळाचा श्वास आणि हृदयाचे ठोके बघून त्या लयीत आवाज जुळवायचे, आईबाबांच्या पसंतीची अंगाई प्रत्यक्ष गायली जायची, रेकॉर्ड नाही, आणि बाळांच्या हृदयाच्या गतीत, झोपेत, दूध पिण्यात फरक दिसला. तिथेही कोणीतरी माणूसच जवळ उभा होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथे जिथे स्ट्रोकचे पेशंट सांभाळले जातात तिथे फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीच्या जोडीला शिकलेल्या संगीतोपचारकाची पक्की पोस्ट काढा, मानधनावर आठवड्यातून दोन तास येणारा नको. त्याचं शिक्षण काय असावं हे सरकारने ठरवावं, कारण आज कोणीही उठतो आणि अमुक राग ऐका, शुगर जाईल, कॅन्सर बरा होईल असं सांगून पैसे घेतो, आणि घाबरलेले नातेवाईक देतात. संगीताने कॅन्सर बरा होत नाही, ऑपरेशनच्या आधीची भीती कमी होते, आणि तेवढं खरं सांगितलं तरी पेशंटला ते पुष्कळ आहे. आणि डिस्चार्ज देताना घरच्या एका माणसाला ते ठोके, ते दोन सूर शिकवून पाठवा. मला मॅडमनी शिकवलं ते अर्ध्या तासात आलं, पण ते शिकवायला कोणी भेटेपर्यंत आमचे आठ महिने गेले आणि स्ट्रोकनंतरचे पहिले महिनेच सगळ्यात कामाचे असतात असं सगळे डॉक्टर सांगतात.

दादा आता छोटी वाक्यं बोलतो, अडखळला की अजून मांडीवर ठोका देतो. हे पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्या मुलाचं लिही म्हणाला, स्पीकरचं. लिहिलंय.

आपली,
एका स्ट्रोक पेशंटची बहीण