अठरा प्रसंग वाचून झाल्यावर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

तूर निघाली का? कपाशी उपटून टाका म्हणून कृषी सहायक दरवर्षी बांधावर येऊन सांगतो, बोंडअळीची भीती घालतो, आणि बाबा दरवर्षी तीच कपाशी फरदडीला ठेवतात. यंदाही ठेवलीच असेल. मी त्यावर काही बोलत नाही, कारण मलाही आज असंच एक न ऐकलेलं सांगायचं आहे.

फोनवर बाबा ‘बरं बरं’ म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून पत्र. आईला चष्मा सापडला नाही तर बाबांनी मोठ्यानं वाचावं. मधलं गाळू नये.

माझं एका माणसावर प्रेम आहे आणि त्याच्याशी लग्न करायचं मी ठरवलं आहे. तो झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवतो. तुमच्याकडे हा प्रकार नाही. इकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि तिथून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथून गाववाले नाटक ठरवून नेतात. रात्री जेवणं आटोपली की पडदा वर जातो आणि लोक घोंगड्या-चादरी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या गावात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, वेळी नाटक होतं, तिथं ओळख झाली. बाकी कसं काय झालं ते आई-बापाला लिहीत नाहीत.

तो आपल्या जातीतला नाही. घटस्फोट झालेला आहे. नऊ वर्षांची मुलगी त्याच्याजवळ, म्हणजे खरं तर त्याच्या आईजवळ असते. तलावाच्या पाण्यावर दोन एकर धान होतं. हंगामात पैसा येतो, पावसाळ्यात घर उधारीवर चालतं, आणि पुढच्या हंगामाची उचल आधीच खर्च झालेली असते. कधीकधी घेतो. घेतली की भांडत नाही, पण बोलतही नाही, आणि ते मला जास्त जड जातं.

हे सगळं मैत्रिणींनी मला सांगून झालं. माझ्याबरोबर राहणारी सिस्टर तर तोंडावर म्हणाली, ‘तुले पगार आहे म्हनून हाये हे प्रेम.’ दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग लक्षात आलं की तिच्या बोलण्यात खोटं असं काही नाही. त्याला माझ्या पगाराचा आधार होईलच. तेवढ्यासाठी तो आला असं मात्र मला वाटत नाही. यातलं कोणतं खरं हे चार वर्षांनी कळेल, आज कोणालाच कळणार नाही, तिलाही नाही.

आई, तुझ्यावर थोडा राग आहे, तो आधी काढून टाकते. लग्न जमावं म्हणून तू मला नाथांचं रुक्मिणी स्वयंवर वाचायला बसवलंस. अठरा प्रसंग, वर उदबत्ती. आपल्या घरापासून कौंडण्यपूर ते केवढंसं. कार्तिकातल्या दहीहंडीला तू मला कडेवर घेऊन गेलीस. ‘रुक्मिणी आपल्या गावची पोर’ हे तुझंच वाक्य. आता त्या पोरीनं काय केलं ते बघ. घरानं शिशुपाल ठरवलेला, मोठा भाऊ हट्टाला पेटलेला, आणि हिनं ज्याला कधी पाहिलं नाही त्याला ब्राह्मणाच्या हाती पत्र धाडलं. भागवतात ते पत्र सात श्लोकांचं आहे. त्यात नुसतं प्रेम नाही, बेतही आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नवरी कुलदेवीच्या दर्शनाला गावाबाहेर निघते, तिथं ये आणि मला घेऊन जा. वेळ, जागा, वाट, सगळं तिनंच ठरवून दिलं. कीर्तनात हा भाग आला की बाबा माना डोलावतात. रिद्धपूरला महानुभावांच्या महदाइसेनं धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, गायिले तेही याच लग्नाचे, तेराव्या शतकात, म्हणजे आपल्याकडच्या बायका ही पळवापळवी सातशे वर्षं गात आल्या. आणि गेल्या वर्षी शेजारची पोरगी रजिस्टर लग्न करून आली तेव्हा आपल्याच ओसरीवर काय काय बोललं गेलं ते मी आतून ऐकत होते. पोथीनं फळ दिलं, आई. तुझ्या मनातलं नसेल, पण दिलं.

झाला राग काढून.

माझी दुसरी मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. तिच्याशी भांडताना मी रुक्मिणी पुढे केली. ती म्हणाली, ‘कवितेतल्या सख्या नेहमी चुकतात, कारण कवीला नायिका मोठी करायची असते. मी कवितेतली नाही.’ आणि तिनं मला दमयंती ऐकवली. तीही विदर्भाचीच लेक, त्याच कुंडिनपुराची, म्हणजे आपल्या कौंडण्यपूरची. हंसानं येऊन नळाचे गुण गायिले, फाशांचं काही सांगितलं नाही. नळ राज्य हरला आणि अरण्यात झोपलेल्या बायकोचं अर्धं वस्त्र कापून निघून गेला. मैत्रीण म्हणाली, ‘स्वयंवरापाशी पुस्तक मिटू नको, पुढचं वाच.’

मी पुढचं वाचलं. रात्रपाळीला, एका बाईच्या कळा थांबल्या होत्या तेव्हा. त्यात एक गोष्ट सापडली, जी मैत्रिणीनं सांगितली नव्हती. जुगार हाताबाहेर चालला हे दिसताच दमयंतीनं दोन्ही लेकरं सारथ्याबरोबर माहेरी पाठवून दिली. तिचे डोळे उघडे होते. नळ टाकून गेल्यावर तिला शोधायला माणसं पाठवली ती बापानं, तिला आणलंही बापाच्याच घरी, आणि नळाला परत आणायचा डावही तिनं माहेरी बसूनच टाकला. बापानं ‘तूच निवडलास ना’ असं विचारल्याचं मला त्या गोष्टीत कुठं दिसलं नाही.

बाबा, तुम्हाला मात्र पार्वतीचं सांगते, कारण भुलाबाईची, म्हणजे पार्वतीचीच, गाणी चालायची तेव्हा टिपऱ्यांच्या आवाजाला कंटाळून तुम्ही अंगणात खाट टाकायचात. कालिदासानं कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात तिची तपश्चर्या लिहिली आहे. एक बटू येतो आणि शंकराचे दोष वाचतो. अंगाला साप, राहायला स्मशान, नेसायला कातडं, कुळाचा पत्ता नाही. ती आधी एकेका दोषाला उत्तर देते. मग म्हणते, वाद पुरे, तू ऐकलंस तसाच तो असेल तर असू दे, माझं मन तिथं बसलं आहे. आणि तो बटू म्हणजे शंकरच निघतो.

मला हे वाचून हसू आलं, कारण माझ्याकडेही तसंच झालं होतं. मागच्या हंगामात एका पहाटे नाटक सुटलं. पोरं पडद्याच्या घड्या घालत होती, पेटाऱ्यांवर दव पडलं होतं. तो ऑर्गनच्या खोक्यावर बसून थंड झालेली भजी खात होता. त्यानं खिशातून एक छोटी डायरी काढून माझ्या हातात दिली. निळ्या शाईनं ओळीनं लिहिलेलं: कंपनीची उचल पस्तीस हजार, सोसायटीचं कर्ज, किराण्याचं बाकी, मुलीच्या शाळेचं. शेवटच्या पानावर, ‘आठवड्यातून एकदा. कधी दोनदा.’ मी विचारलं, हे काय? म्हणाला, ‘प्यायचं. लोकं सांगतीनच, त्याच्या आंधी मीच लिवून ठेवलं.’ पानाला तेलाचा डाग पडला आणि तो पुसायच्या नादात त्यानं शाई फासून टाकली.

आई, जात्यावर तू स्वतःच्या ओव्या जोडायचीस, तुझ्याच चालीवर मी दोन जोडल्या आहेत. हसू नको.

सया म्हनतात बाई, त्याचं छप्पर गयतं
चैतात शाकारीन, मले शाकारता येतं.

सया म्हनतात बाई, त्याची रात नाटकाची
माही कुठं घरची रात, मी त नर्स बायतिनीची.

दुसरी तुला आवडेल. पहिलीत जरा फुशारकी आहे, खरं तर मला शाकारता येत नाही.

दादाला हे तुम्हीच सांगा. तो चिडेल. रुक्मिणीचा भाऊ रुक्मीही चिडला होता. कृष्णाकडून हरल्यावर तो परत कुंडिनपुरात आला नाही, भोजकट वसवून तिथंच राहिला, ते भोजकट म्हणजे आपलं भातकुली असं म्हणतात. दादाला म्हणावं, भातकुलीत भाडी वाढली आहेत, घरीच राहा.

लग्न रजिस्टर होईल. तुम्ही यावं असं वाटतं, पण गावात तुम्हाला राहायचं आहे, मला नाही, हे मला कळतं. आला नाहीत तरी मी रुसणार नाही. आशीर्वादही लगेच नको, कारण न पटता दिलेला मला ओळखू येतो. मागणं एकच आहे. उद्या मैत्रिणींचं खरं ठरलं आणि मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले, तर दमयंतीच्या बापानं, भीमराजानं केलं तेवढं करा. आणि त्यांचं खरं ठरलं नाही, तर दिवाळीला नुसती भेटायला येईन, आम्हा चौघांच्या जेवणाचं बघा.

होळीनंतर त्याचा हंगाम संपतो. तेव्हा तुम्हाला भेटायला यायचं म्हणतो आहे, मुलीला घेऊन. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नाही म्हटलं तरी चालेल, पण महिना संपायच्या आत कळवा, कारण मला रजेचा अर्ज टाकावा लागतो. पोरगी वांग्याची भाजी खात नाही, आई.

तुमची,
सुमी