काठी गाडीतच राहिली

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार. तुझी दोन पत्रं आणि कितीतरी मेसेज माझ्याकडे बिनउत्तराचे पडलेत. त्याबद्दल आधी कान धरते, मग पुढचं. आता बोटं पेन धरतात, म्हणून मुद्दाम हातानं लिहितेय. अक्षर लागलं नाही तर प्रमोदकडून वाचून घे. दहावीपर्यंत तुझं अक्षर लावलंय त्यानं, त्याला सवय आहे.

तब्येतीचं आटोपते. दोन्ही पायांना स्प्लिंट, हातात काठी, दुपारी डोळा लागतोच. जेवणखाण उत्तम. आईला फोनवर एवढंच सांगते. गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, तुमच्या सिंहगड रोडवर साथ आली तोवर तिला माझ्या या नसांच्या आजाराचं, ‘जीबीएस’चं, नावही नीट घेता येत नव्हतं. मग पेपरात रोज आकडे यायला लागले आणि ती मलाच पाणी उकळून प्यायला सांगायची. मी तेव्हा तीन महिने इथे ब्रिटनमध्ये हॉस्पिटलात होते, त्यातले तीन आठवडे व्हेंटिलेटरवर. असो.

पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. परवा कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, कागद आला, ब्लू बॅज नाकारल्याचा. तो वाचताना डोळ्यांसमोर तुझे नाना उभे राहिले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. विकासला सांगायला गेले, पण त्यानं नानांना पाहिलेलंच नाही. त्याला काय सांगणार? म्हणून तुला लिहितेय.

ब्लू बॅज म्हणजे गाडीत पुढे काचेपाशी ठेवायचं निळं कार्ड. ते असलं की अपंगांसाठी राखलेल्या जागेत गाडी लावता येते. बऱ्याच ठिकाणी पिवळ्या रेघेवरही तीन तास चालतं, शेजारी पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवून. बॅज गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तू आलीस आणि तुझ्या गाडीत मी बसले, तर तो तुझ्या गाडीत ठेवायचा. समोरच्या आजोबांना लहानपणी पोलिओ झाला होता, ते अजून त्याला ‘ऑरेंज बॅज’च म्हणतात. १९७१ पासून तो नारिंगी होता, २००० मध्ये निळा झाला. अर्ज कर म्हणून मागे लागले ते हेच आजोबा.

मंजे, मला फुकट पार्किंग नकोय गं. मला दार पूर्ण उघडायला हवं. इथली साधी जागा २.४ मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की दार वीतभर उघडतं. मला उतरायचं तर आधी कंबर वळवावी लागते, मग डाव्या मांडीखाली हात घालून पाय उचलायचा आणि बाहेर ठेवायचा, मग उजवा, मग दाराची चौकट धरून उठायचं. अपंगांच्या जागेला बाजूला आणखी १.२ मीटर पट्टे ओढलेली मोकळी जागा असते. मला तेवढीच हवी आहे. तू म्हणशील, विकासनं दारात सोडावं आणि मग गाडी लावून यावं. तेच करतो तो. तेवढ्या वेळात मी दुकानाच्या दारात ट्रॉलीला धरून उभी असते आणि पाय थरथरायला लागतात. एकदा बसलेच खाली, बटाट्याच्या पोत्यावर.

अर्ज ऑनलाइन होता. घरापासून कुठवर चालता, किती वेळ लागतो, कितीदा थांबता, दम लागतो का, गोळ्या कोणत्या, सगळं विचारतात. मी एवढं प्रामाणिक कधीच लिहिलं नव्हतं. दीड वर्ष सगळ्यांना ‘बरी आहे’ सांगत आले आणि त्या चौकटीत लिहिलं की कोपऱ्यावरच्या लाल पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनदा थांबते, आणि परत येताना तीनदा. लिहून झाल्यावर लॅपटॉप मिटला आणि तशीच बसून राहिले.

त्यातच तो प्रश्न. हा त्रास किमान तीन वर्षं राहील का? बॅज तीन वर्षांचा असतो, म्हणून विचारतात. डॉक्टर म्हणाले होते, नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंत पाय मोजला. ९८ सेंटिमीटर. म्हणजे ९८० दिवस. तीन वर्षांना ११५ दिवस कमी! पोरासारखी खूश झाले बघ. आणि लगेच लक्षात आलं, बॅज हवा तर ‘हो, राहील’ म्हणायला हवं. आई रोज रामरक्षा म्हणते, मी बरी व्हावी म्हणून, आणि मी इथे ‘होणार नाही’ असं लिहून देऊ? चार दिवस अर्ज तसाच ठेवला होता. शेवटी ‘हो’वर टिचकी मारली. आईला हे सांगितलेलं नाही.

मग बोलावलं, चालून दाखवायला. एक तरुण फिजिओथेरपिस्ट बाई होती, फार गोड. आणि मी काय केलं ऐक. सकाळी निळी पँट इस्त्री केली. स्प्लिंट दिसू नयेत म्हणून सैल घातली. गाडीतून उतरताना विकासनं काठी पुढे केली, तर म्हटलं, राहू दे गाडीतच. का म्हटलं? आजही सांगता येत नाही. त्या लांब कॉरिडॉरमध्ये मी ताठ चालले. दम लागलेला कळू नये म्हणून तिला तिच्या कुत्र्याबद्दल विचारत राहिले. एका हातानं भिंत चाचपत होते, तीसुद्धा तिला दिसणार नाही अशा बाजूनं. परत गाडीत येऊन बसले ती घर येईपर्यंत बोलले नाही. पुढचे दोन दिवस जिना चढता आला नाही, खाली सोफ्यावरच झोपले.

पत्रात लिहिलंय, ८० मीटरपेक्षा जास्त चालल्या, विशेष अडचण दिसली नाही. तिचं काय चुकलं? मी दाखवलं तेच तिनं पाहिलं.

आता आठव. १९९७, सिव्हिलचा तो व्हरांडा. नानांना एस.टी.च्या सवलतीसाठी अपंगत्वाचं सर्टिफिकेट हवं होतं आणि चाळीस टक्के भरायला हवे होते. तू त्यांना लूनावर मागे बसवून आणलंस, मी सायकलवर. (तुझी ती लूना कुठेही लावली तरी चालायचं, ती चोरायची कुणाची छाती नव्हती.) आत जाताना नानांनी काठी माझ्या हातात दिली. ‘धर गं जरा’ म्हणाले, शर्टाची बाही सारखी केली आणि डॉक्टरांसमोर वर्गात शिरावं तसे चालत गेले. अडतीस टक्के.

बाहेर आल्यावर तू रडत त्यांच्यावर ओरडलीस, ‘नेमकं आजच सरळ चालायचं होतं?’ आणि मी, काठी हातात धरून, तुला सुनावलं की नानांनी बरोबर केलं, लंगडून दाखवणं म्हणजे भीक मागणं. दिवाळीपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. माझ्या चकल्याही परत पाठवल्यास.

तू बरोबर होतीस, मंजू. दर शनिवारी त्यांची पिशवी घेऊन स्टँडवर तू जायचीस. रात्री त्यांच्या पायाला तेल तू चोळायचीस. मी फक्त त्यांना वर्गात चालताना पाहिलं होतं. तेव्हा जे बोलले त्याची माफी मागायला एवढी वर्षं लागली, आणि त्यासाठी स्वतःचे पाय जावे लागले.

फेरविचारासाठी लिहिता येतं. कागद समोर आहे. या वेळी काठी, स्प्लिंट, सोफा, पोस्टाची पेटी, सगळं लिहायचंय. पुन्हा बोलावलं तर काठी घेऊनच जायचं. ठरवलंय, पण त्या कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकलं की माझं काय होईल, माझा भरवसा नाही.

तुझं विचारायचं राहूनच चाललं. अनूचं ठरलं म्हणे? मुलगा काय करतो, कुठला, सविस्तर कळव. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटवर सह्या झाल्या का? तुझी शुगर? प्रमोदला सांग, त्यानं पाठवलेले पेरूचे फोटो पाहिले आणि जळले.

आणि एक सांग. नाना दुसऱ्यांदा गेले होते ना सिव्हिलला, संक्रांतीनंतर? तेव्हा मी पुण्याला होते, तू नुसतं ‘मिळालं’ एवढंच कळवलंस. त्या वेळी काठी घेऊन आत गेले का ते? तू त्यांना काय म्हणालीस, कसं तयार केलंस, ते जसंच्या तसं लिही. कागद मी पंधरा तारखेच्या आत पाठवायचाय, तेव्हा पत्रानं नको, फोनच कर.

तुझी,
नीता